ताई म्हणतात, मुलगी ऐकत नाही!

आमच्या घरात कोणताही प्रश्न सरळ मार्गाने सुटत नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना एव्हाना पाठ झाले असेल. गॅसची शेगडी बदलायची म्हटली तरी आमच्याकडे आधी दोन तट पडतात, मग तह होतो, आणि शेवटी शेगडी जुनीच राहते. दिवाळी अंकाच्या निमित्ताने संपादकांनी यंदा नेहमीपेक्षा जास्त जागा दिली आहे. तेव्हा वर्षभर चाललेल्या मोहिमेची हकीकत एकदाची सांगून टाकतो. मोहीम दिसायला अगदी लहान होती : आमच्या नातीला नाचाच्या क्लासला घालायचे.

सुरुवात झाली माघी गणपतीत. आमच्या सोसायटीच्या मांडवात संध्याकाळी गाणी लागली आणि आमची नात, वय वर्षे तीन पुरी व्हायला महिना बाकी, स्पीकरच्या अगदी पोटाशी जाऊन नाचू लागली. बाकीची पोरे कानावर हात ठेवून लांब पळत होती. ही मात्र तिथून हलेना. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "काय ताल आहे हो हिला! क्लासला घाला, क्लासला!" असा चहूकडून सल्ला आला. त्या रात्री जेवताना आमच्या घरात एक दुर्मिळ गोष्ट घडली. चिरंजीव, सूनबाई, आमची ही आणि मी, अशा चौघांचे एकमत झाले.

एकमत झाले खरे, पण चौघांची कारणे चार होती. सूनबाईंना मुलीने मोबाइल सोडून हातपाय हलवावेत असे वाटत होते. चिरंजीवांना रविवारी सकाळी एक तास झोप हवी होती. मला काहीच नको होते. मी बहुमताबरोबर होतो. आणि आमच्या हिचे कारण माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होते. तिचे माहेर गिरगावातले. आठ-नऊ वर्षांची असताना, १९७० च्या सुमारास, चाळीतल्या मुलींबरोबर ती दोन वर्षे भरतनाट्यम शिकली. मग घरात आजारपण आले, पैशांची ओढाताण सुरू झाली आणि सर्वांत आधी सुटला तो क्लास. घुंगरू तेवढे राहिले. लग्नानंतर आम्ही तीन घरे बदलली. प्रत्येक वेळी ती पेटी बरोबर आली आणि प्रत्येक वेळी न उघडता माळ्यावर गेली.

शोधाचे खाते सूनबाईंकडे होते. त्यांनी मोबाइलवरून पार्ल्यापासून अंधेरीपर्यंत चौकशा केल्या. पहिल्या भरतनाट्यमच्या बाईंनी वय विचारले आणि हसून म्हणाल्या, "सातव्या वर्षी आणा." कथकच्या बाईंनी एक वर्षाची सूट दिली, "सहाव्या वर्षी आणा." एका ठिकाणी लहानग्यांचा बॅले शिकवीत असत. तिथली तीन महिन्यांची फी ऐकून मला माझा नोकरीतला पहिल्या वर्षाचा पगार आठवला, आणि तो कमी होता हेही आठवले.

"सात वर्षांची होईपर्यंत काय करायचं मग पोरीनं?" आमची ही चिडली. तिची समजूत काढायला आमच्याच मजल्यावरच्या तमिळ आजी आल्या. आमच्याकडे सुद्धा मुलीला सहा-सात वर्षांनंतरच पाठवतात, म्हणाल्या. यावर आमची ही उगाचच म्हणाली, "तुमच्याकडे काय नि आमच्याकडे काय, भरतनाट्यम दोघांचंच आहे!" आणि या बाबतीत तिचे म्हणणे खोटे नाही. तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. तिथल्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ दरबारात होते आणि आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची बांधणी बव्हंशी त्यांचीच समजली जाते. खुद्द सरफोजी राजांनी नृत्यासाठी चक्क मराठीत रचना केल्या. आचार्य पार्वतीकुमारांनी त्या अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या. पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' काढून कितीतरी मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींच्या पायांत घुंगरू बांधले. तेव्हा नाच हा आपला नव्हे, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच गेले. पण ते असो. तमिळ आजींनी हा सगळा इतिहास शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "ते खरं हो. पण गुडघे तीन वर्षांचेच आहेत ना?"

त्या गुडघ्यांचे मर्म आम्हांला पुढे कळायचे होते. तूर्त आम्ही चौथ्या क्लासात प्रवेश घेतला. तो घरापासून सात मिनिटांवर होता, वय 'दोन ते पाच' असे फलकावरच लिहिले होते, आणि दीड महिन्यात रंगमंचावर कार्यक्रम होईल अशी हमी होती. पोशाखाचे पैसे निराळे.

एप्रिलमध्ये नातीची स्वारी क्लासला जाऊ लागली. एका दालनात सव्वीस मुले, समोर एक तरुण ताई, मागे एक मदतनीस, आणि कोपऱ्यात माझ्या छातीएवढा स्पीकर. पालकांनी बाहेर जिन्यात थांबायचे. आतून सिनेमाची गाणी इतक्या जोराने येत की जिन्यातही आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलत असू. नात मात्र खुषीत होती. गाणे लागले की तिचे पाय थांबत नसत.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी आम्हांला बाजूला बोलावले. मी आणि ही, दोघेही शाळेत मुख्याध्यापकांपुढे उभे राहावे तसे उभे राहिलो.

"मुलगी ऐकत नाही," ताई म्हणाल्या. "नाचते छान. पण सांगितलेलं करत नाही. उजवीकडे म्हटलं की दुसऱ्यांकडे बघते आणि मग वळते. रांग सोडून पुढे येते. कार्यक्रमात असं चालायचं नाही. घरी थोडी शिस्त लावा."

घरी परतताना रिक्षात आम्ही एक अक्षर बोललो नाही. रात्री मात्र सभा भरली. सूनबाई म्हणाल्या, आजी-आजोबांच्या लाडाने असे होते. आमची ही म्हणाली, दिवसभर हातात मोबाइल दिला की असे होते. चिरंजीव म्हणाले, मी लहानपणी असाच होतो. यावर मात्र पुन्हा एकमत झाले.

वाचकहो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. ताईंचे म्हणणे आम्हांला मनातून पटले होते, कारण घरचा अनुभव तोच होता. गॅलरीतून हाक मारली तर पोर वळत नसे. चित्रे लागली की टीव्हीला नाक लावून बसे. एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा सांगितल्याशिवाय होत नसे. मे महिन्यातल्या एका दुपारी ती पाटीवर रेघोट्या मारीत पाठमोरी बसली होती. मी तीनदा हाक मारली. तिने मान वर केली नाही. ताईंचे शब्द माझ्या डोक्यात घोळत होतेच. मी उठलो, तिच्या हातातली पाटी काढून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावले. "आता कळेल ऐकायचं कसं!" असे काहीसे बोललो. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून नुसती बघत राहिली. मला तो हट्टीपणा वाटला. तिचे ते बघणे अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आम्ही तो क्लास सोडला. पोशाखाचे पैसे परत मिळाले नाहीत. चांदीच्या टिकल्यांचा तो झगा हल्ली बाहुलीला बसतो का, याचे प्रयोग चालू आहेत.

पुढचा क्लास मोबाइलवर सापडला नाही. तो भाजीवाल्या मावशींनी सांगितला. त्यांच्या नातीला तिथे गोडी लागली होती. जुन्या दोन मजली घराच्या तळमजल्यावर एक साठीतल्या बाई राहतात. चाळीस वर्षे भरतनाट्यम शिकवले. आता मोठ्या मुलींचे वर्ग त्यांच्या शिष्या घेतात. शनिवारी सकाळी त्या स्वतः आठ लहान मुलांना घेऊन बसतात. आमची ही पहिल्यांदा चौकशीला गेली तेव्हा ताईंनी तिला सरळ सांगितले, "या वर्गाला मी नाच म्हणत नाही. कार्यक्रम नाही, परीक्षा नाही, घुंगरू नाहीत. चालणार असेल तर या. आणि घरातलं एक मोठं माणूस भिंतीशी बसलंच पाहिजे."

भिंतीशी बसणारे मोठे माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. त्या अर्ध्या तासात जे पाहिले ते सांगतो. मुले आली की प्रथम जमिनीला हात लावून नमस्कार. मग हत्ती चालतो कसा, बेडूक उडी मारतो कसा, पाणी भरलेली कळशी डोक्यावर असली तर चालायचे कसे. ताई लाकडी पाटावर दांडक्याने ठेका देतात; ठेका चालू तोवर चालायचे, थांबला की पुतळा व्हायचे. मग गोल धरून फेर. मग आडवे पडून ढग पाहायचे. संपले! जमिनीवर जाड सतरंजी, आणि तिच्याखाली लाकडी फळ्या. सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर पाय आपटण्याची सवय कोवळ्या पायांना लावू नये, असे ताईंचे म्हणणे.

मी धीर करून विचारले, सातव्या वर्षाचा हा काय नियम आहे? त्यांनी मला उठून उभे केले. टाचा जोडा, पावले बाहेर वळवा, गुडघे दोन बाजूंना फाकवून अर्धे खाली बसा, पाठ ताठ. भरतनाट्यमचा सगळा डोलारा या अरमंडीवर उभा असतो. मी अर्धा बसलो आणि पूर्ण बसायच्या आत भिंत धरली. "हे वळण कमरेच्या सांध्यातून यायला हवं," त्या म्हणाल्या. "लहान मूल तिथून वळू शकत नाही, मग ते गुडघा पिळतं. शिवाय एका पायावर लंगडी घालता येणं साधारण चौथ्या वर्षी, आणि एकेक पाय उडवत पळणं पाच-सहाला. डावंउजवं त्याहून पुढे. जे अंगात आलेलंच नाही ते आपण मागत राहिलो, तर मुलाला एकच गोष्ट शिकायला मिळते, की आपल्याला जमत नाही."

मला तारा-बाई मोडकांची आठवण झाली. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या बालमंदिरात काम करून, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेऊन, १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे उभे केले, त्याचे सार हेच नव्हते का? मुलाने हलावे, गावे, हाताने करून पाहावे. मोठ्यांनी घाई करू नये. आमची आजी तर शाळेतही गेली नव्हती. पण भोंडल्याचा फेर, फुगडी, झिम्मा यांतून ताल, तोल आणि दुसऱ्याचा हात धरणे या तिन्ही गोष्टी ती फुकट शिकवीत असे. हल्लीचे क्लास पैसे घेऊन तेच शिकवतात. चांगले असले तर.

दुसऱ्या शनिवारी ती गोष्ट घडली. ठेका चालू होता, मुले हत्ती झाली होती. ठेका थांबला, आठही पुतळे झाले, आमची नात सर्वांच्या बरोबर. पुन्हा ठेका, पुन्हा पुतळा. तिची एकही चूक नाही. मग ताईंनी दांडके खाली ठेवले, उठून मुलांच्या मागे गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आता सगळे बेडूक व्हा." सात बेडूक झाले. आमचा हत्ती हत्तीच राहिला. मग त्याने आजूबाजूला पाहिले आणि पटकन बेडूक झाला.

मी मनात म्हटले, झाले! आता ताई मला बाजूला घेऊन तेच ऐकवणार.

ताईंनी तो खेळ आणखी दोनदा केला. एकदा समोर बसून, मुलांना तोंड दिसेल असे बोलून. तेव्हा नात पहिली बेडूक झाली. एकदा पुन्हा मागून, तेव्हा शेवटची. वर्ग सुटल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या.

"आजोबा, हिच्या पहिल्या क्लासात काय सांगितलं होतं म्हणालात?"

"मुलगी ऐकत नाही म्हणून."

"ऐकत नाही, की ऐकू येत नाही?"

मी गप्प बसलो. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना जवळजवळ एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाच्या आड आम्ही चार शहाणी माणसे दोन महिने लपलो होतो.

"मी डॉक्टर नाही," ताई म्हणाल्या. "पण पाटाचा ठोका तिला फळ्यांतून पायाला कळतो. मोठं गाणंही कळतं. तोंड दिसलं की शब्द कळतात. पाठीमागून साधं बोलणं निसटतं. कान तपासून घ्या. काही नसलं तर उत्तमच."

घरी सांगितल्यावर सूनबाईंचा विश्वास बसेना. जन्मल्यावर दवाखान्यात कानाची तपासणी झाली होती आणि ती व्यवस्थित निघाली होती. कागद जपून ठेवलेला आहे. तो कागद घेऊनच आम्ही जूनच्या अखेरीस वांद्र्याला गेलो. तिथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण यांच्यासाठी. मला वाटले होते सुया असतील, यंत्रे असतील, पोर रडून आकांत करील. प्रत्यक्षात तो खेळच निघाला. कानाला आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा. तीन वर्षांच्या मुलांची तपासणी अशी खेळातूनच होते. दुसऱ्या तपासणीत कानाच्या भोकाशी एक मऊ बोंडी टेकवून हवेचा हलका दाब देतात. पडदा किती हलतो त्याची रेघ यंत्रावर उमटते. निरोगी कानाची रेघ डोंगरासारखी असते. आमच्या नातीच्या दोन्ही रेघा सपाट आल्या.

तिथल्या बाईंनी आणि मग कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. घशाच्या वरच्या भागातून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दी होऊन ती बंद राहिली की पडद्याच्या मागे पाणी साचते, कधी चिकट होते. कान फुटत नाही, ताप नसतो, बहुधा ठणकाही लागत नाही. म्हणून मूल तक्रार करीत नाही. त्याला फक्त सगळे जग कापसातून आल्यासारखे ऐकू येते. एका दिवशी बरे, दुसऱ्या दिवशी कमी. जन्माच्या वेळची तपासणी खरीच होती. हे मागाहून आलेले. या वयात हा प्रकार पुष्कळ मुलांना होतो, आणि बहुतेकांत तीनेक महिन्यांत आपोआप निवळतो. म्हणून लगेच काही न करता तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे. तेव्हाही पाणी राहिले आणि ऐकणे कमीच असले, तर पडद्यात बारीकशी नळी बसवण्याची लहान शस्त्रक्रिया असते. तोवर घरच्यांनी काय करायचे? जवळ जाऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलायचे. बोलताना टीव्ही बंद ठेवायचा. आणि आमच्या हिच्याकडे पाहून डॉक्टर म्हणाले, कोमट तेल वगैरे कानात घालायचे नाही. हिने पिशवीतली कापूर घातलेल्या तेलाची बाटली आणखी खाली ढकलली.

मी त्या संध्याकाळी कपाटाचे कुलूप काढून पाटी परत दिली. तीन वर्षांच्या मुलाची माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हते. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो, तोंड तिच्या तोंडासमोर आणले आणि म्हटले, "आबा चुकला." ती म्हणाली, "बेडूक काढ." मी बेडूक काढला. तो हत्तीसारखा दिसत होता, पण तिने चालवून घेतला.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण एवढेच की माझ्यासारखे आजी-आजोबा आणि सूनबाईंसारखे आईबाप या अंकाच्या वाचकांत हजारोंनी असतील, आणि दिवाळीनंतर ते क्लास शोधायला निघतील. त्यांना आमच्या चुकांचा फायदा व्हावा. माझी यादी लहान आहे. फी विचारण्याआधी मुले किती आणि मोठी माणसे किती, ते विचारा. आठ-दहा मुलांमागे एक सांभाळणारे माणूस हवे. एक वर्ग पूर्ण बसून पाहू देतात का, ते विचारा. देत नसतील तर नमस्कार करून निघा. जमीन पाहा. स्पीकर ऐका, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तो आवाज लहान कानांसाठी फार झाला. अर्धा-पाऊण तास पुष्कळ होतो. कार्यक्रमाची हमी देणाऱ्यापेक्षा न देणारा बरा. परीक्षांची घाई नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत कथक-भरतनाट्यमही आहेत, पण त्यांची 'प्रारंभिक' पायरीसुद्धा पाय थोडे लांब झाल्यावरच चढायची असते. आणि क्लास मिळाला नाही तर हळहळू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी आणि पडद्यासमोर तासाभरापेक्षा जास्त बसू नये. आठवड्यातला अर्धा तास क्लासचा. बाकीचे सगळे तास आपले.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. कोणी म्हणाले की तुमचे मूल ऐकत नाही, तर शिस्तीच्या आधी कानाकडे बघा. पाठीमागून, हळू आवाजात, त्याच्या आवडत्या खाऊचे नाव घेऊन पाहा. शंका वाटली तर तपासून घ्या. यात कमीपणा काही नाही. कमीपणा काय असतो तो मी पाटीला कुलूप लावून अनुभवला आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही पुन्हा वांद्र्याला गेलो. उजव्या कानाचा डोंगर उभा राहिला होता. डावा अजून टेकडी आहे, पण सपाट नाही. शस्त्रक्रियेची गरज आज तरी दिसत नाही, आणखी तीन महिन्यांनी या, असे सांगितले. तिथल्या बाईंनी मग माझ्याकडे मोर्चा वळवला. मघापासून मी प्रत्येक प्रश्नाला "काय म्हणालात?" करीत होतो, ते त्यांनी मोजले होते. मला कबूल करावे लागले की माझे ऐकण्याचे यंत्र दोन वर्षांपूर्वीच घेतलेले आहे आणि ते चष्म्याच्या जुन्या घरात, टेबलाच्या खणात, सुखरूप आहे. "म्हणजे घरात एकाला ऐकू येत नव्हतं आणि एक ऐकत नव्हतं," त्या म्हणाल्या. आमची ही इतकी हसली की बाहेरच्या रांगेतली माणसे डोकावली.

नवरात्रात सोसायटीच्या गच्चीवर भोंडला झाला. मधे पाटावर हत्ती, भोवती बायका-पोरींचा फेर. नात माझ्याकडे पाठ करून उभी होती. स्पीकर नव्हता. मी मुद्दाम पाच पावले मागे गेलो आणि नेहमीच्या आवाजात, हळूच म्हटले, "खिरापत काय आहे गं?"

ती गर्रकन वळली. "आबा, ओळखायची असते! सांगायची नसते!"

दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याची पेटी यंदा माळ्यावरून खाली आली. घुंगरांची दोरी कुजली होती, पितळ काळे पडले होते. आमच्या हिने चिंचेने ती घासली, नव्या दोरीत ओवली. मला वाटले, नातीसाठी. आणखी चार वर्षांनी लागतीलच. मी तसे म्हटलेही.

"तिला वेळ आहे," ती म्हणाली. "ताईंनी शुक्रवारी चारचा वर्ग सुरू केलाय. आज्यांचा. अरमंडी जमेल तेवढीच करायची म्हणाल्या."

यंत्र कानात होते, म्हणून मला हे पहिल्याच खेपेला ऐकू आले.